वाचकांचे प्रश्न : सिस्टीमचा पायथॉन वेगळा, आपला वेगळा

लिनक्सवर पायथॉनची पॅकेजेस टाकताना येणाऱ्या अडचणींबद्दल सोलापूर शहरातून आणि एमआयडीसीतून आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. प्रश्न वेगवेगळे दिसले तरी मेख एकच आहे. उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सबरोबर येणारा पायथॉन ॲप्टच्या (सिस्टीमची पॅकेजेस टाकणारी आणि सांभाळणारी कमांड) ताब्यात असतो, आणि पिप (फक्त पायथॉनची पॅकेजेस टाकणारी कमांड) त्याच घरात शिरून सामान हलवू लागला की भांडण होते.

कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. जिथे दोन आडव्या रेघा दिसतील तिथे दोन डॅश, मध्ये जागा न सोडता.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर नुकतेच उबुंटू २४.०४ टाकले. 'पिप इन्स्टॉल पँडाज' दिले की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' अशी एरर येते. वर्गातला मित्र म्हणतो, पुढे '--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस' लाव, चालून जाते. लावू का?
— विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : लावू नका. चालून जाते हे खरे, आणि म्हणूनच धोका आहे. त्या दिवशी काहीच बिघडत नाही. बिघडते ते दोन महिन्यांनी, अपडेट आल्यावर, आणि तोवर आपण काय केले होते हे आठवत नाही.

आधी ही एरर का येते ते पाहू. ॲप्टने टाकलेली पायथॉन पॅकेजेस '/यूएसआर/लिब/पायथॉन३/डिस्ट-पॅकेजेस' या फोल्डरमध्ये असतात. सुडो लावून (म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या अधिकाराने) पिपने टाकलेली '/यूएसआर/लोकल/लिब/पायथॉन३.१२/डिस्ट-पॅकेजेस' मध्ये जातात. सुडोशिवाय टाकलेली तुमच्या होममध्ये, '~/.लोकल/लिब/पायथॉन३.१२/साइट-पॅकेजेस' मध्ये. एखादे मॉड्यूल इम्पोर्ट करताना पायथॉन आधी तुमच्या होममधला फोल्डर बघतो, मग यूएसआर-लोकल, आणि ॲप्टचा फोल्डर सगळ्यांत शेवटी. 'पायथॉन३ -एम साइट' ही कमांड देऊन हा क्रम स्वतः बघा, अर्धा विषय तिथेच समजेल.

आता उबुंटूची कितीतरी कामे याच पायथॉनवर चालतात. फायरवॉलचे यूएफडब्ल्यू, नवीन रिपॉझिटरी जोडणारे ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी, रात्री आपोआप सुरक्षा अपडेट टाकणारे अनअटेंडेड-अपग्रेड्स, कमांड चुकली की 'हे पॅकेज टाका' सुचवणारा प्रोग्रॅम, हे सगळे पायथॉनमध्ये लिहिलेले आहेत. त्यांना ॲप्टने दिलेल्या व्हर्जनची सवय असते. तुम्ही पिपने त्याच नावाचे नवे व्हर्जन वरच्या फोल्डरमध्ये टाकले, की ते ॲप्टच्या पॅकेजला झाकून टाकते. ॲप्टच्या दप्तरी सगळे ठीक दिसते, प्रत्यक्षात प्रोग्रॅमच्या हातात दुसरेच काही पडते.

हे थांबवण्यासाठी पायथॉनच्या 'पेप ६६८' या प्रस्तावात एक खुणेची फाइल ठरली. पिपच्या २३.० या व्हर्जनपासून, म्हणजे जानेवारी २०२३ पासून, पिप ती खूण पाहतो आणि थांबतो. उबुंटूत २३.०४ पासून आणि डेबियनमध्ये १२ पासून ती फाइल असते. तुमच्या लॅपटॉपवर ती '/यूएसआर/लिब/पायथॉन३.१२' मध्ये दिसेल. काही जण ती फाइलच उडवायला सांगतात. तसे करणे म्हणजे रेल्वे फाटक काढून टाकून रस्ता मोकळा झाला असे समजणे.

एरर नीट वाचली तर तिच्यातच तीन वाटा लिहिलेल्या आहेत: ॲप्ट, व्हेन्व्ह (प्रोजेक्टपुरता वेगळा पायथॉनचा फोल्डर) आणि पिपएक्स (तयार प्रोग्रॅमसाठी असा फोल्डर स्वतः करून देणारी कमांड). बहुतेकांची नजर मात्र शेवटी आलेल्या '--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस' वर जाते.

तुमच्या कामासाठी व्हेन्व्ह योग्य. प्रथम हे एकदाच:

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथॉन३-व्हेन्व्ह

हे पॅकेज नसेल तर पुढची पायरी 'एन्शुअरपिप इज नॉट अव्हेलेबल' म्हणून अडते आणि अर्धवट फोल्डर मागे राहतो. तसे झाले असेल तर तो फोल्डर पुसून पुन्हा सुरुवात करा. मग प्रत्येक प्रोजेक्टसाठी:

पायथॉन३ -एम व्हेन्व्ह ~/प्रोजेक्ट/.व्हेन्व्ह
सोर्स ~/प्रोजेक्ट/.व्हेन्व्ह/बिन/ॲक्टिव्हेट
पायथॉन -एम पिप इन्स्टॉल पँडाज

नुसते 'पिप' न लिहिता 'पायथॉन -एम पिप' लिहायची सवय आत्ताच लावा. मशीनवर तीन-चार पिप असू शकतात, या पद्धतीत मात्र ज्या पायथॉनने प्रोग्रॅम चालणार त्याचाच पिप वापरला जातो. शंका आली तर 'पायथॉन -एम पिप --व्हर्जन' द्या. उत्तरात पूर्ण पाथ छापला जातो, आणि त्यात तुमच्या प्रोजेक्टचे नाव दिसले पाहिजे.

'ॲक्टिव्हेट' ही काही जादू नाही. ती मुख्यतः तुमच्या पाथच्या (टर्मिनल ज्या फोल्डरांत कमांड शोधते त्या यादीच्या) सुरुवातीला व्हेन्व्हचा 'बिन' फोल्डर जोडते. टर्मिनल बंद केले की परिणाम संपला. म्हणून दुसऱ्या दिवशी 'पँडाज सापडत नाही' असे दिसले तर घाबरू नका, ॲक्टिव्हेट करायचे राहिले आहे.

दोन गोष्टी टाळा. पेनड्राइव्हवर व्हेन्व्ह करू नका. एफएटी३२ आणि एक्सफॅट या फॉरमॅटना सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारे दुवे) समजत नाहीत आणि व्हेन्व्ह त्यांवरच उभा असतो. आणि तयार झालेला व्हेन्व्ह उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. 'बिन'मधल्या प्रत्येक स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत जुना पूर्ण पाथ लिहिलेला असतो, जागा बदलली की 'बॅड इंटरप्रिटर' असे ऐकावे लागते. हलवायचा असेल तर नवा करा, दोन मिनिटांचे काम आहे.

प्रश्न : आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. मागावरच्या काउंटरचे आकडे यूएसबी कन्व्हर्टरमधून लिनक्स पीसीवर घ्यायचे आहेत. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला 'इम्पोर्ट सिरीयल' आहे म्हणून 'सुडो पिप इन्स्टॉल सिरीयल' केले. आता 'मॉड्यूल सिरीयलमध्ये सिरीयल नावाचे काही नाही' अशा अर्थाची एरर येते. सुडोशिवाय चालवले तर पोर्टच उघडत नाही. पीसी उबुंटू २२.०४ चा आहे.
— अक्कलकोट रोड, एमआयडीसी

उत्तर : तुमच्या एका प्रश्नात तीन वेगळ्या चुका गुंतल्या आहेत, एकेक सोडवू.

पहिली, नावाची. इम्पोर्ट करायचे नाव आणि पॅकेजचे नाव एकच असते असे नाही. पोर्ट वाचणाऱ्या लायब्ररीचे पॅकेज 'पायसिरीयल' आहे. नुसत्या 'सिरीयल' नावाचे पॅकेज वेगळेच, ते डेटा एका रूपातून दुसऱ्या रूपात नेणारे आहे आणि त्याचा पोर्टशी संबंध नाही. दोघांचे इम्पोर्टचे नाव मात्र एकच, त्यामुळे चुकीचे पॅकेज पुढे येऊन बसते. आधी ते काढा:

सुडो पायथॉन३ -एम पिप अनइन्स्टॉल सिरीयल

हीच एरर आणखी एका कारणाने येते: तुमच्या स्वतःच्या प्रोग्रॅमची फाइल 'सिरीयल.पीवाय' या नावाने सेव्ह केलेली असेल तर पायथॉन तिलाच लायब्ररी समजतो. फोल्डरमध्ये एकदा बघून घ्या.

दुसरी, सुडोची. पोर्ट उघडत नव्हते ते पायथॉनमुळे नव्हे. '/डेव्ह/टीटीवाययूएसबी०' हे पोर्ट 'डायलआउट' या ग्रुपच्या मालकीचे असते आणि तुम्ही त्या ग्रुपमध्ये नाही. ही कमांड द्या, मग लॉगआउट करून परत लॉगिन करा:

सुडो ॲडयूजर आपले-युजरनेम डायलआउट

नुसते नवीन टर्मिनल उघडून चालत नाही, ग्रुप नव्या लॉगिनलाच लागू होतो.

इथेच एक जास्तीची सूचना. तुमचा कन्व्हर्टर सीएच३४० चिपचा असेल (स्वस्तातले बरेच असतात), तर उबुंटू २२.०४ वर पोर्ट क्षणभर दिसून गायब होऊ शकते. अंधांसाठीच्या ब्रेल डिस्प्लेची 'बीआरएलटीटीवाय' ही सेवा त्या चिपला ब्रेलचे यंत्र समजून ताब्यात घेते. 'सुडो डीमेसेज' (डी-एम-ई-एस-जी असे टाइप करा) मध्ये तिचे नाव दिसेल. त्या पीसीवर ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तरच 'सुडो ॲप्ट रिमूव्ह बीआरएलटीटीवाय' करून कन्व्हर्टर काढून पुन्हा लावा.

तिसरी, पॅकेज कुठून घ्यायचे. तुमच्या ठिकाणी आमचे मत स्पष्ट आहे: जे ॲप्टमध्ये मिळते ते ॲप्टमधूनच घ्या.

सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथॉन३-सिरीयल

ॲप्टमध्ये नाव 'पायथॉन३-' या उपसर्गाने सुरू होते आणि पुढे बहुधा इम्पोर्टचे नाव येते. असे पॅकेज सिस्टीमच्या अपडेटबरोबर आपोआप सांभाळले जाते. पाळीत रात्रंदिवस चालणाऱ्या पीसीवर, जिथे कोणी बसून व्हर्जन बघणार नाही, तिथे थोडे जुने पण सांभाळलेले व्हर्जनच बरे.

पुढे मॉडबसवर (कारखान्यातल्या यंत्रांची आपसात बोलायची पद्धत) बोलायची वेळ आली आणि 'मिनिमलमॉडबस'सारखे पॅकेज पिपनेच घ्यायचे ठरले, तर व्हेन्व्ह करा, पण ॲप्टची पॅकेजेस आतून दिसतील असा:

पायथॉन३ -एम व्हेन्व्ह --सिस्टम-साइट-पॅकेजेस /ऑप्ट/काउंटर

('/ऑप्ट' मध्ये लिहायला सुडो लागेल. तो फोल्डर सुडोने बनवून 'चोन' (सी-एच-ओ-डब्ल्यू-एन) या कमांडने आपल्या नावावर करून घेतला की पुढे सुडोची गरज नाही.) टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात. ग्राउंडचा बीम ताणून, पाइलचा बीम सैल. दोन्ही एकाच मागावर, एकाच टॉवेलसाठी, पण ताण ज्याचा त्याचा वेगळा, म्हणून लूप उभा राहतो. हा व्हेन्व्ह तसाच आहे. ॲप्टचा ताण ॲप्टकडे, तुमचा तुमच्याकडे, आणि तुम्ही आत काही टाकले तरी बाहेरच्या फोल्डरला धक्का लागत नाही.

पीसी चालू होताच प्रोग्रॅम सुरू व्हावा यासाठी सिस्टमडीची (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा) सर्व्हिस फाइल करा. तीत ॲक्टिव्हेट लिहायची गरज नाही. 'एक्झेकस्टार्ट' पुढे व्हेन्व्हमधल्या पायथॉनचा पूर्ण पाथ द्या, म्हणजे '/ऑप्ट/काउंटर/बिन/पायथॉन -यू' आणि मग प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ. 'यूजर' पुढे डायलआउटमध्ये घातलेले तेच युजरनेम, आणि 'रीस्टार्ट=ऑलवेज'. तो '-यू' विसरू नका. तो नसेल तर पायथॉन छापलेला मजकूर साठवून ठेवतो आणि सेवांच्या नोंदी दाखवणाऱ्या 'जर्नलसीटीएल' मध्ये बराच वेळ काहीच दिसत नाही, मग माणूस नसलेला बिघाड शोधत बसतो. ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनलाही हाच नियम: पूर्ण पाथ द्या, ॲक्टिव्हेट नको.

प्रश्न : एका पॅकेजला पायथॉन ३.११ लागत होता. उबुंटू २२.०४ वर तो टाकला आणि 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज' वापरून 'पायथॉन३' ला ३.११ जोडले. रीस्टार्ट केल्यापासून टर्मिनल उघडत नाही. आयकॉन क्षणभर फिरतो आणि थांबतो. फॉरमॅट करावा लागेल का?
— विजापूर रोड

उत्तर : फॉरमॅटची अजिबात गरज नाही. तुमच्या फाइल जशाच्या तशा आहेत, फक्त एक दुवा चुकीच्या जागी बसला आहे.

उबुंटू २२.०४ मध्ये 'नोम-टर्मिनल' ही कमांड म्हणजे एक छोटी पायथॉन स्क्रिप्ट आहे. तिच्या पहिल्या ओळीत '/यूएसआर/बिन/पायथॉन३' असे लिहिलेले आहे. ती जी लायब्ररी इम्पोर्ट करते तिचा काही भाग सी भाषेत कम्पाइल केलेला असून तो फक्त ३.१० साठी बनवलेला आहे. फाइलच्या नावातच '३१०' असते. तुम्ही पायथॉन३ ला ३.११ कडे वळवले, त्याला '३११' नावाची फाइल सापडली नाही, स्क्रिप्ट तिथेच संपली. ॲप्ट अपडेट केले असते तर शेवटी 'एपीटी_पीकेजी नावाचे मॉड्यूल नाही' हीसुद्धा एरर दिसली असती, कारण तेच.

दुरुस्ती अशी. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन येईल. युजरनेम आणि पासवर्ड द्या; पासवर्ड टाइप करताना काही दिसत नाही, ते बरोबर आहे. मग क्रमाने:

सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --रिमूव्ह-ऑल पायथॉन३
सुडो एलएन -एसएफ पायथॉन३.१० /यूएसआर/बिन/पायथॉन३
सुडो ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल पायथॉन३-मिनिमल

पहिल्या कमांडने तुम्ही बांधलेली गाठ सुटते, पण तिच्यासोबत 'पायथॉन३' हा दुवाही जातो. म्हणून दुसरी लगेच द्या, मध्ये थांबू नका. दुव्याची मालकी 'पायथॉन३-मिनिमल' या पॅकेजकडे आहे, तिसरी कमांड त्याला मूळ स्थितीत बसवते. आता 'एलएस -एल /यूएसआर/बिन/पायथॉन३' देऊन बाण ३.१० कडे आहे ना ते बघा, आणि 'सुडो ॲप्ट अपडेट' एररशिवाय संपते का तेही. मग कंट्रोल-ऑल्ट-एफ२ ने, किंवा त्यावर नसेल तर एफ१ ने, डेस्कटॉपवर परत या.

३.११ काढायची गरज नाही. दोन पायथॉन शेजारी शेजारी सुखाने राहतात, 'पायथॉन३' या नावावर हक्क मात्र एकाचाच. ३.११ ला त्याच्या पूर्ण नावाने हाक मारा:

पायथॉन३.११ -एम व्हेन्व्ह ~/कामाचा-फोल्डर/.व्हेन्व्ह

त्यासाठी 'पायथॉन३.११-व्हेन्व्ह' हे पॅकेज आधी ॲप्टने घ्यावे लागेल. एकदा व्हेन्व्ह झाला की आत 'पायथॉन' म्हणजे ३.११ च. सोर्समधून स्वतः कम्पाइल करणाऱ्यांनी 'मेक इन्स्टॉल' ऐवजी 'मेक ऑल्टइन्स्टॉल' वापरावे. पहिल्याने '/यूएसआर/लोकल/बिन' मध्ये नवा 'पायथॉन३' तयार होतो, आणि पाथमध्ये तो आधी येतो.

आणि कळकळीची विनंती: 'जुना पायथॉन काढून नवा टाकू' म्हणून 'सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथॉन३' कधीही देऊ नका. त्याच्यावर अवलंबून असलेला अख्खा डेस्कटॉप त्याच्याबरोबर जायला निघतो. ॲप्ट आधी यादी दाखवतो, पण लांबलचक यादी न वाचता 'वाय' दाबले जाते. कोणाकडून असे झालेच असेल, तर काय काय गेले ते '/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग' मध्ये तारखेसह लिहिलेले असते. मशीन बंद न करता, नेट चालू आहे तोवर, 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप' द्या.

प्रश्न : चादरींचे दुकान आहे. बिल आणि बारकोड लेबलसाठी मुलाने पायथॉनमध्ये प्रोग्रॅम करून दिला होता. तीन-चार वर्षांत गरज पडेल तसे 'सुडो पिप' करत गेलो. आता २२.०४ वरून २४.०४ ला जायचे आहे. साफसफाई कशी करावी?
— चाटी गल्ली

उत्तर : अपग्रेडच्या आधी विचारलेत हे फार चांगले झाले. २२.०४ मध्ये पायथॉन ३.१०, तर २४.०४ मध्ये ३.१२. तुमची सगळी पॅकेजेस '३.१०' नावाच्या फोल्डरमध्ये आहेत आणि नवा पायथॉन तिकडे बघणारच नाही. म्हणजे अपग्रेडनंतर सकाळी दुकान उघडल्यावर पहिले बिल निघणार नाही. शक्यतो हे काम आठवडी सुट्टीच्या दिवशी करा, लग्नसराईत तर नकोच.

आधी यादी करून घ्या:

पायथॉन३ -एम पिप फ्रीज --पाथ /यूएसआर/लोकल/लिब/पायथॉन३.१०/डिस्ट-पॅकेजेस > जुनी.टीएक्सटी

होममध्येही काही असू शकते, त्याची यादी 'पायथॉन३ -एम पिप फ्रीज --यूजर' ने वेगळ्या फाइलमध्ये. दोन्ही फाइल बिलांच्या बॅकअपसोबत पेनड्राइव्हवर ठेवा.

मग नवा व्हेन्व्ह करून त्यात प्रोग्रॅमला खरोखर लागतात तेवढीच पॅकेजेस टाका. प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या इम्पोर्टच्या ओळी वाचून ती ठरवता येतात. नावांचा गोंधळ इथेही होतो: 'पीआयएल' साठी 'पिलो', 'यॅमल' साठी 'पायवायएएमएल', 'बीएस४' साठी 'ब्युटिफुलसूप४', 'सीव्ही२' साठी 'ओपनसीव्ही-पायथॉन'. एक बिल, एक लेबल छापून बघा. चालले की मगच जुने काढा:

सुडो पायथॉन३ -एम पिप अनइन्स्टॉल -वाय -आर जुनी.टीएक्सटी

ही कमांड एकदाच. दुसऱ्यांदा दिली की पिप त्याच नावांची ॲप्टची पॅकेजेस शोधायला जातो. होममधली यादी सुडोशिवाय काढा. पिपने मध्येच 'डिस्टयूटिल्सने टाकलेले, काढता येत नाही' अशी तक्रार केली तर ते पॅकेज ॲप्टचे समजा, त्याचे नाव यादीतून खोडा आणि उरलेल्या यादीवर कमांड द्या.

आता ॲप्टच्या फाइलना धक्का लागला आहे का ते तपासा. 'सुडो डीपीकेजी --व्हेरिफाय' ही कमांड बदललेल्या किंवा हरवलेल्या फाइलच दाखवते. 'ईटीसी' मधल्या सेटिंगच्या फाइल दिसल्या तर ठीक आहे. 'डिस्ट-पॅकेजेस' मधली फाइल दिसली, तर 'डीपीकेजी -एस' पुढे तिचा पाथ देऊन ती कोणत्या पॅकेजची ते विचारा (हा एस मोठ्या लिपीतला) आणि ते पॅकेज '--रीइन्स्टॉल' करा.

अपग्रेड झाल्यावर व्हेन्व्हही नव्याने करावा लागेल. त्यातला 'पायथॉन३' हा दुवा आता ३.१२ कडे बोट दाखवतो, पॅकेजेस मात्र आत '३.१०' च्या फोल्डरमध्ये राहतात. म्हणून निघण्याआधी चालू व्हेन्व्हमध्ये 'पायथॉन -एम पिप फ्रीज > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी' करून ठेवा. अपग्रेडनंतर जुना फोल्डर बाजूला, नवा व्हेन्व्ह, आणि 'पायथॉन -एम पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी'. शेवटी 'पायथॉन -एम पिप चेक', म्हणजे पॅकेजेसची आपसात व्हर्जन जुळतात का ते कळते.

यादी करायची राहून गेली तरी सगळे संपले नाही. जुन्या व्हेन्व्हच्या 'साइट-पॅकेजेस' मध्ये 'डिस्ट-इन्फो' ने संपणारे फोल्डर असतात. प्रत्येकाच्या नावात पॅकेज आणि व्हर्जन लिहिलेले असते.

प्रश्न : पिपवर पॅकेज कोण तपासते? नावात एखादे अक्षर चुकले तर फार तर काय होईल?
— होटगी रोड

उत्तर : पिप जिथून पॅकेजेस उतरवतो त्या पायपीआय या भांडारात कोणीही खाते उघडून पॅकेज चढवू शकतो, प्रत्येक पॅकेज आधी तपासून मगच आत घेतले जाते असे नाही. प्रसिद्ध पॅकेजच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन घातक कोड ठेवण्याचे प्रकार झालेले आहेत. २०१७ मध्ये स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय सुरक्षा यंत्रणेने अशी अनेक पॅकेजेस उघडकीस आणली. डिसेंबर २०२२ मध्ये पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीच्या नाइटली (रोज बनणाऱ्या, चाचणीच्या) व्हर्जनला लागणाऱ्या 'टॉर्चट्रायटन' या नावानेच कोणीतरी पायपीआयवर घातक पॅकेज चढवले होते.

लक्षात घ्यायची गोष्ट ही की, सोर्स स्वरूपातले पॅकेज टाकतानाच त्यातला कोड चालतो, इम्पोर्ट करायची वाट पाहत नाही. पुढे सुडो असेल तर तो कोड रूटच्या अधिकाराने चालतो. इन्स्टॉलच्या वेळी कोड चालू नये म्हणून '--ओन्ली-बायनरी=:ऑल:' लावा; मग पिप फक्त व्हील, म्हणजे आधीच बांधून तयार केलेले पॅकेज, घेतो आणि व्हील नसेल तर थांबतो. नाव मात्र पॅकेजच्या अधिकृत माहितीपानावरून कॉपी करा, आठवणीतून टाइप करू नका.

प्रश्न : आमच्या क्लासमध्ये २० पीसी आहेत, सगळे उबुंटू २४.०४. नेट मोबाइल हॉटस्पॉटचे. प्रत्येकावर नमपाय, पँडाज, मॅटप्लॉटलिब टाकायचे तर डेटा पुरत नाही. मुले काहीबाही टाकून बिघडवतात ते वेगळेच.
— सात रस्ता

उत्तर : एकदाच उतरवा आणि पेनड्राइव्हने फिरवा. एका पीसीवर व्हेन्व्ह करून:

पायथॉन -एम पिप डाउनलोड -डी ~/व्हील्स नमपाय पँडाज मॅटप्लॉटलिब

'व्हील्स' फोल्डरमध्ये त्यांना लागणारी इतर पॅकेजेसही येतील. काही फाइलच्या नावात 'सीपी३१२' दिसेल, म्हणजे त्या पायथॉन ३.१२ साठीच आहेत. एखाद्या पीसीवर २२.०४ असेल तर तिथे त्या चालणार नाहीत.

प्रत्येक पीसीवर 'पायथॉन३-व्हेन्व्ह' असल्याची खात्री करून फोल्डर होममध्ये कॉपी करा आणि:

सुडो पायथॉन३ -एम व्हेन्व्ह /ऑप्ट/लॅब
सुडो /ऑप्ट/लॅब/बिन/पायथॉन -एम पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स=व्हील्स नमपाय पँडाज मॅटप्लॉटलिब

'नो-इंडेक्स' मुळे पिप नेटकडे जातच नाही. इथे सुडो मुद्दाम लावला आहे: फोल्डर रूटच्या मालकीचा राहतो, मुले '/ऑप्ट/लॅब/बिन/पायथॉन' ने प्रोग्रॅम चालवू शकतात, त्यात लिहू शकत नाहीत. लिहिले जाते ते लॅबच्या फोल्डरमध्ये, सिस्टीमच्या पायथॉनमध्ये नाही. मुलांच्या खात्यांना सुडो देऊ नका. ज्याला वेगळे पॅकेज हवे त्याने आपल्या होममध्ये आपला व्हेन्व्ह करावा, बिघडला तर तोच फोल्डर पुसायचा.

प्रश्न : व्हेन्व्ह ॲक्टिव्हेट करून 'सुडो पायथॉन प्रोग्रॅम.पीवाय' दिले की मॉड्यूल सापडत नाही, सुडोशिवाय सापडते. असे का?
— बाळे

उत्तर : सुडो तुमचा पाथ बाजूला ठेवून स्वतःचा सुरक्षित पाथ वापरतो, त्यामुळे ॲक्टिव्हेटचा परिणाम त्याला कळत नाही. 'सुडो ~/प्रोजेक्ट/.व्हेन्व्ह/बिन/पायथॉन प्रोग्रॅम.पीवाय' असा पूर्ण पाथ द्या. पण आधी रूट खरेच लागतो का ते बघा. टॉवेल कारखान्याच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे बऱ्याचदा ग्रुपची परवानगी पुरते.

प्रश्न : मला प्रोग्रॅमिंग करायचे नाही. 'वायटी-डीएलपी' सारखी एखादी कमांड फक्त वापरायची आहे. त्यासाठीही व्हेन्व्ह?
— साखर पेठ

उत्तर : व्हेन्व्ह लागतो, पण तो पिपएक्स तुमच्यासाठी करतो. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल पिपएक्स', मग 'पिपएक्स एन्शुअरपाथ', टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा, आणि 'पिपएक्स इन्स्टॉल वायटी-डीएलपी'. पिपएक्स प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतंत्र व्हेन्व्ह देतो आणि फक्त कमांड '~/.लोकल/बिन' मध्ये जोडतो. पिपएक्सच्या पुढे सुडो लावू नका. नवे व्हर्जन हवे असेल तेव्हा 'पिपएक्स अपग्रेड-ऑल'. उबुंटूचे मोठे अपग्रेड केल्यावर कमांड चालेनाशा झाल्या तर 'पिपएक्स रीइन्स्टॉल-ऑल'.

प्रश्न : प्रत्येक प्रोजेक्टला वेगळा व्हेन्व्ह म्हणता. १२८ जीबीची एसएसडी आहे, ती भरणार नाही का?
— शेळगी

उत्तर : रिकामा व्हेन्व्ह फार जागा घेत नाही, कारण पायथॉनची प्रत न करता तो बहुतांशी दुव्यांवर चालतो. जागा खातात ती आतली मोठी पॅकेजेस. 'डीयू -एसएच ~/प्रोजेक्ट/.व्हेन्व्ह' देऊन प्रत्येकाचा आकार बघा. संपलेल्या प्रोजेक्टची रिक्वायरमेंट्सची फाइल ठेवा आणि व्हेन्व्ह पुसून टाका. पिप उतरवलेल्या फाइल '~/.कॅश/पिप' मध्ये साठवतो, जागा कमी पडली तर 'पायथॉन -एम पिप कॅश पर्ज' ने त्या जातात; पुढच्या वेळी पुन्हा डेटा लागेल एवढेच. नमपाय, मॅटप्लॉटलिब अशी नेहमीची जड पॅकेजेस ॲप्टने एकदाच टाकून व्हेन्व्हला '--सिस्टम-साइट-पॅकेजेस' दिले तरी बरीच जागा वाचते, फक्त त्यांची व्हर्जन ॲप्ट देईल तीच मिळतील.